तेवीस टक्के आणि तीन एकर माळ : एक प्रकरण अभ्यास

संक्रांतीच्या आठवड्यात गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरलेला असतो, त्यामुळं गावाकडची मंडळी सोलापुरात आली की आमच्याकडं चहाला डोकावतातच. गेल्या वर्षी अण्णा आले ते मात्र हातात प्लॅस्टिकची फाईल घेऊन. अण्णा म्हणजे माझे आत्येभाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठे. नान्नज आणि वडाळ्याच्या मधल्या पट्ट्यात त्यांची पाच एकर जमीन. दोन एकर काळी, तिच्यात रब्बीची ज्वारी आणि कडेनं तूर. उरलेली तीन एकर नुसता माळ: मुरमाड, उघडा, पावसाळ्यात गुडघाभर गवत आणि एरवी शेळ्यांची चरण. फाईल माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "तू झाडांचा मास्तर. हे खरं हाय का तेवढं सांग. बाकीचं मी बघतो."

तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवूनही असा सरळ प्रश्न मला क्वचितच कुणी विचारला असेल. हे टिपण त्या फायलीचं आहे. ती देणाऱ्या कंपनीचं नाव इथं येणार नाही, कारण मुद्दा त्या एका कंपनीचा नाही. अशा फायली आता जिल्ह्यात बऱ्याच फिरतात.

फायलीत करार होता, वीस वर्षांचा. माळाच्या तीन एकरांत एकरी चारशे याप्रमाणे बाराशे रोपं लावायची, निम्मी मेलिया, निम्मी महोगनी, दोन्ही लाकडाची झाडं. रोपांचे आणि ठिबकचे पैसे शेतकऱ्याचे. झाडांनी शोषलेल्या कार्बनची नोंदणी कंपनी करणार, त्याचे क्रेडिट, म्हणजे एवढा कार्बन साठवला अशी विकता येणारी प्रमाणपत्रं, विकणार आणि हिस्सा देणार. इथवर ठीक, असे करार होतात. तिसऱ्या पानावर ‘शास्त्रीय आधार’ असं शीर्षक होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोय, तो झाडांचं अन्न आहे, आणि अमेरिका-युरोपातल्या जंगलांतल्या प्रयोगांत झाडांची वाढ २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली आहे, असा त्याचा मतितार्थ. खाली तक्ता. पहिल्या वर्षी वाढीचा गुणक १.२३, दुसऱ्या वर्षी १.५१, तिसऱ्या वर्षी १.८६, आणि असं करत दहाव्या वर्षी ७.९३.

तो तक्ता पाहून मी हसलो, आणि हसलो हे चुकलं. अण्णांचा चेहरा पडला. फाईल त्यांच्या धाकट्यानं आणली होती, जो पुण्यात संगणकाच्या कंपनीत आहे. बापाच्या पडीक माळाचं काहीतरी व्हावं म्हणून त्यानं सहा महिने धडपड केली होती. "येत्या रविवारी त्याला घेऊन या," मी म्हणालो, "तिघं मिळून बघू."

आकडा कुठून आला

रविवारी मी आधी एक गोष्ट कबूल केली. २३ हा आकडा खोटा नव्हता. २००५ साली रिचर्ड नॉर्बी आणि सहकाऱ्यांनी चार ठिकाणच्या प्रयोगांचं गणित एकत्र मांडलं होतं. त्यातली तीन ठिकाणं अमेरिकेत: उत्तर कॅरोलिनातलं ड्यूक, टेनेसीतलं ओक रिज आणि विस्कॉन्सिनमधलं ऱ्हाइनलँडर. चौथी इटलीतली पॉप्लरची लागवड. हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत ३७६ भागांवरून ५५० भागांवर नेला, तर जंगल वर्षाला जेवढं नवं लाकूड, पानं आणि मुळं तयार करतं त्यात साधारण २३ टक्क्यांची भर पडते, असा निष्कर्ष निघाला. चार अगदी वेगळ्या जंगलांत आकडे इतके जवळजवळ आले याचं तेव्हा मलाही आश्चर्य वाटलं होतं. मी तो वर्गात सांगायचो. म्हणजे फायलीतल्या २३ ला माझाही थोडा हातभार लागला असेल, कुणी सांगावं!

वहिनी सोबत आल्या होत्या. त्या एवढा वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "मग आपल्याकडं तर बरंच हाय की. होटगीच्या लाइटीच्या कारखान्याची ती एवढी मोठी चिमणी. तिचा धूर आपल्याच झाडांना लागंल." होटगीकडचं ते औष्णिक वीजकेंद्र १३२० मेगावॉटचं आहे, कोळसा भरपूर जळतो. पण तिथला कार्बन डायऑक्साइड नान्नजच्या माळासाठी थांबत नाही. वाऱ्यानं तो पसरतो, मिसळतो आणि साधारण वर्षभरात जगभरच्या हवेचा होतो. म्हणून तर हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर १९५८ पासून घेतलेली मोजणी साऱ्या जगाला लागू पडते. चार्ल्स कीलिंगनं सुरुवात केली तेव्हा आकडा ३१५ च्या आसपास होता, आता तो ४२५ च्या आसपास आहे. वाफेच्या यंत्रांच्या आधी २८० होता.

वहिनींच्या प्रश्नामुळं पुढचं सांगणं सोपं झालं. वायू थांबत नाही, हीच त्या प्रयोगांची मुख्य अडचण होती. काचघरात कुंडीतल्या रोपाला जादा कार्बन देणं सोपं, पण कुंडीतलं रोप म्हणजे जंगल नव्हे. म्हणून जंगलातच साधारण तीस मीटर व्यासाची मोकळी कडी उभारली. भोवती मनोरे, त्यांना नळ्या. वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूच्या नळ्यांतून वायू सोडायचा आणि संगणकानं क्षणाक्षणाला माप राखायचं. वर छत नाही, पाऊस-ऊन-किडे सगळं नेहमीचं. ओक रिजला हे १९९८ पासून २००९ पर्यंत चाललं, ड्यूकला मुख्य कडी १९९६ पासून २०१० पर्यंत. वायू टँकरनं यायचा. टँकर म्हटल्यावर अण्णा पहिल्यांदा पुढं सरकून बसले. आमच्या भागात टँकरचा हिशेब सगळ्यांना कळतो.

तक्ता

चक्रवाढीची चूक धाकट्यानं स्वतःच पकडली. मी फक्त एवढंच विचारलं, "२३ टक्के जास्त म्हणजे साध्या झाडाच्या तुलनेत, की त्याच झाडाच्या गेल्या वर्षीच्या तुलनेत?" तो मिनिटभर स्क्रीनकडं बघत राहिला. मग म्हणाला, "काका, ह्यांनी सेल खाली ओढलीय." म्हणजे १.२३ दरवर्षी १.२३ नं गुणत गेले. प्रयोगात जादा कार्बनच्या हवेतलं जंगल साध्या हवेतल्या जंगलापेक्षा दरसाल २३ टक्के पुढं होतं. तक्त्यात ते दरसाल आपल्याच अंगावर व्याज चढवत होतं. सावकाराचं व्याज झाडाला लागू झालं असतं तर विसाव्या वर्षी गुणक साठच्या वर गेला असता, आणि अण्णांच्या माळावर ढगांना टेकणारी महोगनी उभी राहिली असती.

दुसरी चूक बारीक होती, पण पैशाच्या दृष्टीनं महत्त्वाची. २३ टक्के मिळाले ते हवेत एकदम १७४ भागांची उडी मारल्यावर. हवेतलं प्रमाण सध्या वर्षाला साधारण अडीच भागांनी वाढतं. वीस वर्षांत ५० भाग. सरळ प्रमाणात धरलं तरी २३ चा ५०/१७४ इतका हिस्सा, म्हणजे साडेसहा टक्के. तेही विसाव्या वर्षी. पहिल्या वर्षी जवळपास शून्य. आणि सगळं गणित त्या चार जागांची माती आणि पाऊस आपल्याकडं आहेत असं गृहीत धरून.

धाकटा म्हणाला, "साडेसहा तर साडेसहा, फुकटात मिळतायत ना?"

प्रश्न चांगला होता. त्याचं उत्तर त्या जंगलांमध्ये २००५ नंतर काय घडलं यात आहे, आणि फायलीनं तेवढंच सोडलं होतं.

२००५ नंतर

ओक रिजला लागवड स्वीटगमची होती, १९८८ साली लावलेली. पानझडी, सरळ खोडाचं झाड. २००१ ते २००३ या काळात जादा कार्बन मिळालेली कडी २४ टक्के पुढं होती. २००८ येईपर्यंत ती आघाडी ९ टक्क्यांवर आली. कारण मातीतला नत्र. झाडं वाढली तसा नत्र लाकडात आणि कुजत पडलेल्या पाल्यात अडकत गेला, नव्या पानांना पुरेना. नत्र नसेल तर हवेत कार्बन कितीही असो, पानातली यंत्रणाच अपुरी पडते. कार्बन पकडणारं रुबिस्को हे प्रथिन, आणि पानातल्या नत्राचा मोठा वाटा एकट्या त्याच्यात गुंतलेला असतो.

हे समजावताना मी मागाचं उदाहरण दिलं. धाकट्याच्या मित्राच्या वडिलांचे पूर्व भागात चादरीचे माग आहेत, तो लहानपणापासून तिथं जातो. बाण्याच्या, म्हणजे आडव्या, सुतानं गोदाम भरलेलं असलं, तरी ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची, बीम संपली की माग थांबतो. आणखी बाणा आणून ठेवल्यानं चादर लांब होत नाही. हवेतला कार्बन हा बाणा. ताणा म्हणजे नत्र, स्फुरद आणि पाणी. कुठल्या जंगलात यातलं काय आधी संपतं, यावर त्या जंगलाचं उत्तर ठरतं.

ओक रिजची आणखी एक गोष्ट मला नेहमी खुपते. जादा आलेल्या कार्बनचा मोठा भाग तिथं खोडात गेलाच नाही. तो केसासारख्या बारीक मुळांत गेला, कारण झाड नत्राच्या शोधात खाली-खाली मुळं सोडत होतं. ही मुळं फार काळ जगत नाहीत. मरतात, कुजतात, कार्बन पुन्हा हवेत. वाढ झाली पण साठा झाला नाही. अण्णांना हे एका वाक्यात कळलं: "उसाचं बिल आलं आन् सोसायटीत गेलं." अगदी तेच. क्रेडिट मात्र साठ्यावर मिळतं. खोडाचा घेर साडेचार फुटांवर टेप लावून मोजतात, बारीक मुळं कुणी मोजत नाही.

मग ड्यूकच्या पाइनचं काय? तिथं आघाडी बरीचशी टिकली. पण तिथंही २००१ साली असं दिसलं होतं, की खत न घातलेल्या जागी खोडाच्या वाढीतला जोर तीनेक वर्षांत ओसरला आणि खत घातलं तिथं तो राहिला. दोन जंगलांतल्या फरकाचं एक कारण २०१६ मध्ये पुढं आलं, आणि मला ते या साऱ्या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं. झाडांच्या मुळांशी बुरशी नांदते, हे आपण शिकतो. पण ती दोन प्रकारची असते. एक मुळाला बाहेरून मोज्यासारखी लपेटून बसते आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून नत्र ओढून आणू शकते. पाइन, ओक, बीच हे तिचे सोबती. दुसरी मुळांच्या पेशींत शिरून राहते. ती स्फुरद चांगला आणते, नत्राच्या बाबतीत मात्र हात आखडलेला. बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र ठेवल्यावर असं दिसलं, की पहिल्या प्रकारच्या झाडांना नत्र कमी असतानाही जादा कार्बनचा लाभ होतो, सुमारे ३० टक्के. दुसऱ्या प्रकारच्यांना नत्र कमी असेल तर लाभ जवळजवळ शून्य. ड्यूकचं पाइन पहिल्या गटातलं, ओक रिजचं स्वीटगम दुसऱ्या.

आणि मेलिया, महोगनी, आपला कडुनिंब? तिघंही एकाच कुळातली, आणि तिघंही दुसऱ्या गटात.

वाढत्या तरुण लागवडीतून म्हाताऱ्या जंगलात गेलं की चित्र आणखी बदलतं. स्वित्झर्लंडमध्ये बासेलजवळ क्रिस्टियान कर्नर यांनी क्रेन लावून तीस मीटरहून उंच, शंभरीच्या आसपासच्या पानझडी झाडांच्या शेंड्यांत नळ्या विणल्या. चार वर्षांनी २००५ मध्ये त्यांनी सांगितलं, की कार्बन झाडातून वेगानं वाहतो आहे, पण खोड जाडजूड होत नाही. सिडनीजवळच्या निलगिरीच्या प्रौढ जंगलात, जिथल्या मातीत स्फुरदाची चणचण आहे, झाडांनी १२ टक्के जादा कार्बन आत घेतला आणि तो मुळं आणि मातीतल्या जिवांच्या श्वासातून बाहेर गेला. लाकडात भर पडलेली दिसली नाही. हे वाचून मी बरीच वर्षं विद्यार्थ्यांना ठामपणे सांगत होतो, की प्रौढ जंगल काही दाद देत नाही. २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरच्या ओकांनी मला खोटं पाडलं. १८० वर्षांची झाडं, हवेत १५० भाग जादा, २०१७ पासून. सात वर्षांच्या नोंदींत लाकडाची वाढ सुमारे १० टक्के जास्त. म्हणजे म्हातारं झाडही दाद देतं, पण माती-पाणी साथ देत असेल तर.

(ड्यूकला एका झाडोऱ्याचा भलताच फायदा झाला, तो म्हणजे विषारी आयव्ही नावाच्या वेलीचा. अंगाला लागली की फोड येतात. जादा कार्बनमध्ये ती जोमानं वाढली आणि तिचं विषही जास्त जहाल झालं. वहिनी म्हणाल्या, "खाजकुयलीला कुठलंबी खत चालतंय.")

माळावर

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही माळावर गेलो. तीन ठिकाणी खड्डे घेतले. कुदळ फुटभर गेली की टणटण वाजायला लागली, खाली मुरूम. एका ओघळीच्या तोंडाशी तेवढी दोन-अडीच फूट माती मिळाली, वाहून येऊन साचलेली. मातीचा अहवाल नंतर आला. त्यात नत्र आणि सेंद्रिय कर्ब ‘कमी’च्या रकान्यात, पालाश भरपूर. सोलापूरच्या काळ्या दगडातून झालेल्या मातीची ही नेहमीचीच कुंडली.

मग पाणी. इथला वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या घरात, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा, आणि तोही मनाला येईल तसा. ओक रिजला याच्या दुप्पटीहून जास्त पाऊस पडतो, बाराही महिने वाटून. तिथल्या झाडांची वाढ हिवाळा थांबवतो. आपल्याकडची झाडं थंडीनं थांबत नाहीत, कोरडेपणानं थांबतात. अण्णांची बोअर मार्चला हवा ओढायला लागते. बाराशे रोपांना उन्हाळ्यात दिवसाला दहा लिटर धरले, तरी बारा हजार लिटर. म्हणजे रोज एक टँकर.

इथं धाकट्यानं चांगला अभ्यास करून आणलेला मुद्दा काढला. पानावर बारीक तोंडं असतात, पर्णरंध्रं. त्यांतून कार्बन आत येतो आणि पाणी बाहेर जातं. हवेत कार्बन जास्त असेल तर तोंडं कमी उघडून भागतं, पाणी वाचतं. मग कोरड्या मुलखालाच सगळ्यात जास्त फायदा व्हायला हवा! त्यानं २०१३ चा एक ऑस्ट्रेलियन अभ्यास दाखवला: १९८२ ते २०१० या काळात जगातल्या उष्ण-कोरड्या भागांत, पावसाचा परिणाम वजा केल्यावरही, पानांचं आच्छादन ११ टक्क्यांनी वाढलेलं उपग्रहांना दिसलं.

मी गप्प बसलो. मुद्दा खरा होता आणि तो मी त्या रविवारी सांगितला नव्हता. कागद खोडून काढायच्या भरात सोयीचं तेवढं मांडलं होतं. पाणी वाचतं यात वाद नाही. उत्तर गोलार्धातल्या समशीतोष्ण जंगलांवरच्या, वायूंची ये-जा मोजणाऱ्या मनोऱ्यांच्या नोंदींतही पाण्याच्या थेंबामागं मिळणारा कार्बन वाढलेला स्पष्ट दिसतो. प्रश्न आहे त्या वाचलेल्या पाण्याचं पुढं काय होतं हा.

यावर नेवाडाच्या वाळवंटातला प्रयोग बोलका आहे. दहा वर्षं चालला. एका ओल्या वर्षी, १९९८ मध्ये, जादा कार्बनमधल्या झुडपांची नवी फूट दुपटीवर गेली. पुढं कोरडी वर्षं आली. शेवटी २००७ मध्ये सगळं उपटून तोललं, तर झुडपांच्या वजनात फरक नव्हता. मातीतला कार्बन मात्र वाढला होता. म्हणजे दुष्काळी मुलखात जादा कार्बन पावसाच्या पाठीवर बसून येतो. पाऊस असेल तर दुप्पट, नसेल तर काही नाही. बोलिव्हिया, कॅमेरून आणि थायलंडमधल्या झाडांच्या वार्षिक कड्यांचीही गोष्ट अशीच आहे: दीडशे वर्षांत पाणी काटकसरीनं वापरायला शिकल्याच्या खुणा आहेत, पण खोड वेगानं वाढल्याची खूण नाही.

आणि पाणी वाचतं म्हणजे किती? जादा कार्बनच्या प्रयोगांत पाण्याचं रंध्रांतून जाणं साधारण पाचव्या हिश्शानं कमी होतं, तेही मोठ्या उडीनंतर. ते सगळंच्या सगळं आजच मिळालं असं समजू. तरी पाच टँकरच्या जागी चार.

"चार टँकरचं कोण देणार?" अण्णा म्हणाले. करारात ते कुठंच नव्हतं.

गवत

खरं सांगायचं तर एवढ्यावर प्रकरण संपलं असतं. पण माळावर बसून भाकरी खाताना मला जे जास्त बोचायला लागलं, त्याचा फायलीत उल्लेखच नव्हता. कागदावर जमिनीचं वर्णन होतं ‘पडीक’. तो माळ पडीक नाही. कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवतं आहेत त्याच्यावर, आणि त्यांची मुळं मुरमाच्या फटींत उतरलेली. झाडाचा कार्बन वर दिसतो म्हणून मोजला जातो. गवताचा बराचसा खाली असतो.

ही गवतं आणि अण्णांच्या काळ्या रानातली ज्वारी एकाच जातकुळीची, पानात कार्बन आधीच घट्ट करून मग रुबिस्कोपुढं ठेवणारी. म्हणून मालदांडी ज्वारीला हवेतल्या जादा कार्बनचं फारसं कौतुक नाही. तूर, हरभरा, बाभूळ, निंब यांच्याकडं ती सोय नाही, त्यांना लाभ होऊ शकतो. याचा अर्थ हवा बदलते तसं गवत आणि काटेरी झुडपं यांच्यातलं पारडंही हळूहळू झुडपांकडं झुकू शकतं. वेडी बाभूळ आणि घाणेरी माळावर सरकताना मी गेली वीस वर्षं बघतो आहे. त्याला चराई, आग, पाऊस अशी दहा कारणं आहेत, सगळं हवेवर ढकलता येणार नाही. पण अशा वेळी उरलेल्या माळावर आपणच महोगनी लावायची?

नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, आणि ते झाडांसाठी नव्हे, गवतासाठी आहे. काळवीट, लांडगा, धाविक, चंडोल यांना उघडा माळच लागतो. एकेकाळी माळढोक इथं मोजायला लोक यायचे. अण्णांनी लहानपणी त्यांच्याच बांधावरून बघितलेत, "घारीपेक्षा मोठा, आन् चालायचा पाटलासारखा."

काय केलं

अण्णांनी करार केला नाही. पण पोराचे सहा महिने वाया गेले असंही झालं नाही, कारण त्या निमित्तानं माळाकडं पहिल्यांदा नीट बघितलं गेलं. ओघळीच्या तोंडाशी जिथं माती सापडली तिथं तीस झाडं लावायची ठरली, बोर आणि सीताफळ, पहिली दोन वर्षं मडक्यानं पाणी. काळ्या रानाच्या बांधावर गिरिपुष्प. हे नत्र धरणारं झाड. त्याचा पाला ज्वारीच्या रानात घालायची शिफारस सोलापूरच्या कोरडवाहू संशोधन केंद्राची जुनीच आहे. ते केंद्र १९३३ पासून आमच्या शहरात आहे आणि तरी आम्ही टेनेसीचे आकडे वाचत बसतो, हा शेरा माझ्यासकट सगळ्यांना. माळावर आषाढापासून दसऱ्यापर्यंत शेळ्या सोडायच्या नाहीत, बी पडल्यावर गवत कापायचं. शेवटची अट वहिनींना पटलेली नाही. शेळ्या त्यांच्या आहेत.

वाड्याच्या पलीकडच्या दोघांनी त्याच कंपनीशी करार केला. त्यांच्या विहिरीला बारमाही पाणी आहे आणि जमीन खोल. त्यांचं गणित वेगळं आहे, कदाचित जमेलही. तक्त्यातला गुणक खोडून मगच सही करा, एवढं धाकट्यानं त्यांना सांगितलं. एकानं खोडला.

धाकट्याला मोजायची सवय लागली. बांधावर आणि घराभोवती जुने अकरा निंब आहेत. एप्रिलमध्ये त्यानं प्रत्येकावर साडेचार फुटांवर पांढऱ्या रंगाचा पट्टा ओढला आणि शिंप्याच्या टेपनं घेर घेतला. दिवाळीत आम्ही परत मोजायला गेलो. गोठ्यामागचा निंब तीन सेंटिमीटरनं वाढला होता. बांधावरच्या दहांपैकी सहांवर टेप जिथल्या तिथं. उरलेल्या चारांवर फरक इतका, की टेप किती ओढून धरलाय यावर अवलंबून.

"गोठ्याचं पाणी आन् शेण-मूत मिळतंय त्याला," अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, अकरा झाडं आणि एक हंगाम, एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. धाकट्यानं मान डोलावली आणि वहीत गोठ्यामागच्या निंबापुढं पेन्सिलीनं लिहिलं: ‘वेगळा धरणे’.